एक साक्षी व शपथ : हदीसचे आद्य संग्रह आणि इस्लामी न्यायशास्त्राची घडण

[१] मराठेशाहीच्या व तत्पूर्वीच्या मुसलमानी अमदानीच्या कागदपत्रांशीं ज्यांचा नित्य परिचय आहे, त्यांस काजी, महजर, शाहिदी, वारस, हक्क हे शब्द नवीन नाहींत. काजीच्या शिक्क्याचे महजर आपल्या दप्तरांतून आढळतात. परंतु काजी ज्या शास्त्राच्या आधारें निवाडा करी, त्या शास्त्राचीं मुळें कोठें आहेत याची विचारपूस आपल्याकडे क्वचितच होते. शरीयत म्हणजे आरंभापासून ठाम ठरलेला, सर्वत्र एकरूप असा कायदा, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती बरोबर नाहीं.

एक दाखला घेऊं. एखादा वादी ऐवजाचा दावा घेऊन काजीपुढें आला, आणि त्यास एकच साक्षीदार देतां आला, तर काय करावें? शाफिई पंथाचा काजी त्या साक्षीदाराची जबानी घेईल, वादीस शपथ घालील, आणि वादीच्या लाभांत निवाडा देईल. हनफी पंथाचा काजी तसें करणार नाहीं. एका साक्षीनें दावा शाबीत होत नाहीं असें म्हणून तो प्रतिवादीस शपथ घालील, व प्रतिवादीनें ती घेतली कीं दावा निकालांत काढील. मोंगल बादशाहीचा राजमान्य पंथ हनफी होता, व औरंगझेबाच्या आज्ञेनें सिद्ध झालेला ‘फतावा-इ-आलमगिरी’ हा त्याच पंथाचा ग्रंथ होय. आपल्या कोंकणांतील मुसलमान समाज मात्र परंपरेनें शाफिई आहे. म्हणजे घाटाच्या वर व खालीं एकाच धर्मग्रंथास मानणाऱ्या दोन समाजांत एकाच दाव्याचा निकाल शास्त्रतः परस्परविरुद्ध होऊं शकत होता.

असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचें उत्तर हदीसच्या आद्य संग्रहांत सांपडतें. आणि तें शोधूं लागलें असतां इस्लामी न्यायशास्त्र कसें घडत गेलें याचेंही पुष्कळसें दर्शन होतें. त्याचाच विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. श्रद्धेचा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा आहे. साधनांचा काळ व परस्परसंबंध एवढाच आमचा विषय.

[२] प्रथम परिभाषा. पैगंबर महंमद यांची उक्ति, कृति अथवा मूक संमति सांगणारें वचन तें हदीस. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात : ‘मत्न’ म्हणजे मूळ मजकूर, व ‘इस्नाद’ म्हणजे तो मजकूर कोणीं कोणापासून ऐकिला याची नामावळी. ही नामावळी सलग पैगंबरांपर्यंत पोंचली तर तें वचन ‘मुसनद’. त्यांस ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें ते ‘सहाबी’, आणि सहाबींस ज्यांनीं पाहिलें ते ‘ताबिई’. एखादा ताबिई मधला सहाबी न सांगतां एकदम पैगंबरांचें नांव घेईल, तर त्या तुटक वचनास ‘मुर्सल’ म्हणतात.

पैगंबर इ. स. ६३२ त निवर्तले. सुनी समाजांत सर्वमान्य असलेले सहा संग्रह बुखारी (मृ. ८७०), मुस्लिम (मृ. ८७५), इब्न माजा (मृ. ८८७), अबू दाऊद (मृ. ८८९), तिर्मिझी (मृ. ८९२) व नसाई (मृ. ९१५) यांचे आहेत. मध्यें सवादोनशें वर्षें गेलीं. इतक्या अवधींत काजी निवाडे करीतच होते, वारसा वांटला जात होता, कर्जें दिलीं-घेतलीं जात होतीं. तेव्हां सहा संग्रह आधीं व कायदा मागून, असा क्रम संभवतच नाहीं.

मधल्या काळाचे ग्रंथ सुदैवानें उपलब्ध आहेत. सर्वांत जुने ते ‘सहीफा’, म्हणजे एखाद्या शिष्यानें गुरूच्या मुखांतून उतरून घेतलेलीं टिपणें. हम्माम बिन मुनब्बिह याचा असा एक सहीफा मूळचे हैदराबादचे पंडित मुहंमद हमीदुल्ला यांनीं १९५३ सालीं दमास्कस येथून छापून प्रसिद्ध केला. त्यानंतरचे ‘मुसन्नफ’, म्हणजे विषयवार लावलेले संग्रह. इमाम मालिक (मृ. ७९५) यांचा ‘मुवत्ता’ व यमनच्या अब्दुर्रझ्झाक (मृ. ८२७) याचा ‘मुसन्नफ’ हे त्यांतील प्रमुख होत. पुढें इमाम अहमद बिन हंबल (मृ. ८५५) यांच्या ‘मुसनद’ ग्रंथासारखे संग्रह झाले, त्यांत वचनें विषयवार नसून सहाबींच्या नांवांप्रमाणें लाविलेलीं आहेत. सहा संग्रह हे त्याच्या पुढची पायरी : मांडणी पुन्हां विषयवार, परंतु भर मुसनद वचनांवर.

मुवत्ता व बुखारी यांतील अंतर अंकांनीं स्पष्ट होतें. अबहरी नांवाच्या दहाव्या शतकांतील मालिकी पंडितानें केलेल्या मोजणीप्रमाणें मुवत्तांत एकंदर १७२० वचनें आहेत. त्यांपैकीं ६०० मुसनद, २२२ मुर्सल, ६१३ सहाबींचीं व २८५ ताबिईंचीं. म्हणजे अर्ध्याहून अधिक वचनें पैगंबरांचीं नव्हेतच. उलट इब्न सलाहच्या गणतीप्रमाणें बुखारीच्या संग्रहांत पुनरुक्तीसह ७२७५ वचनें असून ग्रंथाचा गाभा सलग इस्नादांच्या पैगंबरवचनांचाच आहे. पाऊण शतकांत प्रमाणाची कल्पनाच पालटली, हें येथें दिसून येतें. हा पालट कसा झाला तें आतां आपल्या दाखल्यावरून पाहूं.

[३] कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्याच्या २८२ व्या आयतींत कर्जाचा लेख करून ठेवण्याची आज्ञा आहे, व त्यास दोन पुरुष साक्षी ठेवावे, दोन पुरुष न मिळतील तर एक पुरुष व दोन स्त्रिया असाव्या, असें सांगितलें आहे. याशिवाय ‘पुरावा वादीकडे, शपथ नाकबूल करणाऱ्याकडे’ हें सूत्र सर्व पंथांस मान्य आहे. आपल्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस हा विचार परका वाटूं नये. याज्ञवल्क्यानेंही साक्षी निदान तीन असावे असें सांगून, उभयपक्षांस मान्य असा धर्मज्ञ साक्षी एकटा असला तरी चालतो असा अपवाद ठेविला आहे. साक्षीदारांची संख्या हा कोणत्याही न्यायशास्त्रांत कळीचा मुद्दा असतो, कारण गरीब मनुष्याचा हक्क बहुधा तेथेंच बुडतो किंवा तरतो.

मदीनेचा प्रघात असा होता, कीं ऐवजाच्या दाव्यांत एक साक्षी व वादीची शपथ मिळून पुरावा पुरा समजावा. इमाम मालिक यांनीं मुवत्तांत यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. त्यांतील आधार क्रमानें पाहण्यासारखे आहेत. पहिला आधार पैगंबरांचा : पैगंबरांनीं एक साक्षी व शपथ यांवर निवाडा केला, हें वचन इमाम जाफर सादिक यांनीं आपले पिते मुहंमद बाकिर यांजकडून सांगितलेलें. परंतु बाकिर हे पैगंबरांच्या पश्चात् बऱ्याच काळानें जन्मलेले, अर्थात् वचन मुर्सल आहे. दुसरा आधार खलीफा उमर बिन अब्दुल अझीझ (कारकीर्द ७१७–७२०) याच्या पत्राचा : मदीनेच्या अबूझ्झिनाद या पंडितानें सांगितल्याप्रमाणें, खलीफानें कूफ्याच्या सुभेदारास ‘एक साक्षी व शपथ यांवर निवाडा करावा’ असें लिहिलें. तिसरा आधार मदीनेच्या दोघां जुन्या पंडितांच्या होकाराचा.

यानंतर मालिक स्वतः वाद करतात. कांहीं लोक कुराणाची आयत पुढें करून हा प्रघात नाकारितात. त्यांस ते विचारतात, कीं प्रतिवादीनें शपथ घेण्याचें नाकारिलें, व मग वादीनें शपथ घेतली, तर वादीचा हक्क शाबीत होतो कीं नाहीं? हें तर कोणीच अमान्य करीत नाहीं. मग ही गोष्ट कुराणाच्या कोणत्या आयतींत आहे? शेवटीं ते मर्यादाही घालतात : हा नियम ऐवजापुरता, विवाह, तलाक, गुलामाची मुक्तता, चोरी व बदनामीचा आळ यांस तो लागूं नाहीं.

येथें हदीस आहे, परंतु तो एकटा नाहीं. तुटक इस्नाद मालिक यांस अडचणीचा वाटत नाहीं, कारण त्यांच्या दृष्टीनें खरें प्रमाण मदीनेचा चालत आलेला प्रघात हें आहे. ज्या नगरींत पैगंबर राहिले त्या नगरीचा आचार हाच त्यांच्या सुन्नतीचा साक्षी, आणि हदीसवचन त्या आचाराचें समर्थक, अशी ही भूमिका आहे.

[४] आतां विरुद्ध पक्ष. मिसर देशचे प्रख्यात पंडित लैस बिन सअद (मृ. ७९१) हे मालिक यांचे स्नेही. मदीनेच्या आचाराविरुद्ध मत देतां असा ठपका मालिक यांनीं पत्रानें ठेविला असतां, लैस यांनीं त्यास सविस्तर उत्तर लिहिलें. तें याकूब फसवी (मृ. ८९०) याच्या ग्रंथांत राहिलें आहे. त्यांत आमचा प्रश्नही आला आहे. लैस यांचें म्हणणें असें : मदीनेंत एक साक्षी व शपथ यांवर निवाडे होतात हें खरें, परंतु शाम, मिसर व इराक येथें जाऊन राहिलेल्या सहाबींनीं तसे निवाडे केले नाहींत, व पहिल्या चार खलीफांनीं तसें कोणास लिहिलें नाहीं. पुढें उमर बिन अब्दुल अझीझ खलीफा झाला. आपण मदीनेंत असतांना ह्या रीतीनें निवाडा करीत होतां, अशी आठवण एका अधिकाऱ्यानें त्यास दिली. तेव्हां त्यानें लिहिलें, कीं मदीनेंत आम्ही तसें करीत होतों खरें, परंतु शामच्या लोकांची रीत निराळी दिसली. सबब आतां दोन साक्षींवांचून निवाडा करावयाचा नाहीं.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मुवत्तांत व लैस यांच्या पत्रांत खलीफा एकच, त्याचा अधिकारकाळ अवघा तीन वर्षांचा, आणि आज्ञा परस्परविरुद्ध! दोन्ही लेखक थोर, दोघेही समकालीन, दोघांसही खोटें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. तात्पर्य एवढेंच निघतें, कीं आठव्या शतकाच्या मध्यास ह्या प्रश्नावर प्रत्येक नगरीची आपापली स्मृति होती, आणि न्यायी म्हणून ख्यात असलेल्या खलीफाचें नांव दोन्ही पक्षांस हवें होतें.

कूफ्याची बाजू इमाम मुहंमद शैबानी (मृ. ८०५) यांनीं मांडिली आहे. हे इमाम अबू हनीफा (मृ. ७६७) यांचे शिष्य. त्यांनीं मदीनेस जाऊन मालिक यांच्यापाशीं मुवत्ताचें श्रवण केलें व त्याची स्वतःची प्रत तयार केली. हिंदुस्थानांत ही प्रत विशेष प्रसिद्ध आहे, लखनौचे अब्दुल हई (मृ. १८८६) यांची तीवर टीका आहे. ह्या प्रतींत शैबानी गुरूचें वचन प्रामाणिकपणें उतरून घेतात, आणि खालीं आपला विरोध नोंदवितात. मदीनेचाच सर्वश्रेष्ठ हदीसवेत्ता इब्न शिहाब झुहरी (मृ. ७४२) यास ह्या रीतीविषयीं विचारलें असतां, ही नवी काढलेली रीत असून हिच्यावर पहिला निवाडा मुआवियानें (कारकीर्द ६६१–६८०) केला, असें त्यानें सांगितलें, ही साक्ष ते देतात. मक्केच्या अता बिन अबी रबाहचें म्हणणें इब्न जुरैजच्या द्वारां ते देतात, त्यांत पहिला निवाडा करणारा अब्दुल मलिक (कारकीर्द ६८५–७०५) आहे. झुहरी हा मालिक यांचाच गुरु. मदीनेच्या आचाराविरुद्ध मदीनेच्याच गुरूची साक्ष, हा शैबानींचा डाव मार्मिक आहे.

[५] ह्या कोंडींतून वाट काढिली ती इमाम शाफिई (७६७–८२०) यांनीं. ते मालिक यांचे शिष्य, आणि शैबानी यांच्याशीं त्यांनीं समोरासमोर वाद केलेले. त्यांच्या ‘रिसाला’ ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा, कीं सुन्नत म्हणजे नगरीचा आचार नव्हे, खलीफाचें पत्र नव्हे, पंडितांचें मतही नव्हे. विश्वसनीय इस्नादानें पैगंबरांपर्यंत पोंचणारें वचन तीच सुन्नत. असें वचन मिळालें कीं बाकीचें सर्व बाजूस सारावें. नगरी अनेक असतील, पैगंबर एक. म्हणून कायद्याची एकवाक्यता व्हावयाची तर ती येथेंच होईल, हा त्यांचा हेतु होता.

ह्या कसोटीस मालिक यांचें तुटक वचन उतरत नव्हतें. म्हणून शाफिई दुसरा आधार पुढें करतात : अम्र बिन दीनार यानें इब्न अब्बास या सहाबीकडून सांगितलेलें मुसनद वचन. अर्थ तोच, शाखा निराळी. कुराणाच्या आयतीशीं विरोध येतो या आक्षेपास ते उत्तर देतात, कीं दोन साक्षींनीं काम पुरें होतें असें आयत सांगते, त्याहून कमींनीं होत नाहीं असें ती म्हणत नाहीं. शिवाय मूल जन्मल्याविषयीं एकट्या सुइणीची साक्ष हनफी मानितात, तेव्हां संख्येचा हट्ट त्यांनीं तरी धरूं नये. हनफींचें प्रत्युत्तर असें, कीं कुराणाच्या नियमांत भर घालणें म्हणजे तो नियम फिरविणेंच होय, व एकट्यादुकट्या माणसानें सांगितलेल्या वचनास तो अधिकार नाहीं. दोन्ही पंथांचें शास्त्र पुढें कसें वाहत गेलें, याचीं बीजें ह्या एका संवादांत आहेत.

[६] शाफिईंचा सिद्धान्त हळूहळू सर्वत्र पसरला, आणि त्यामुळें हदीसवेत्त्यांवर मोठी जबाबदारी आली. कायदा जर इस्नादावर उभा राहणार, तर इस्नादाची पारख कठोर हवी. सहा संग्रह हे त्या पारखीचें फळ होत. आमच्या प्रश्नावर त्यांचा निर्णय एकमुखी नाहीं, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मुस्लिमनें इब्न अब्बासचें वचन आपल्या संग्रहांत घेतलें. बुखारीनें तें घेतलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर प्रतिवादीनें शपथ घ्यावी अशा मथळ्याखालीं त्यानें कूफ्याचा काजी इब्न शुब्रुमा व मदीनेचा अबूझ्झिनाद यांचा संवाद दिला आहे. एक साक्षी व शपथ पुरेशी असती, तर एका स्त्रीस विसर पडल्यास दुसरीनें आठवण द्यावी असें आयतींत सांगण्याचें कारण काय, असा त्यांत इब्न शुब्रुमाचा प्रश्न आहे. खलीफाचें पत्र मुवत्तांत ज्याच्या तोंडून आलें, तोच हा अबूझ्झिनाद. अम्र बिन दीनारनें हें वचन इब्न अब्बासकडून प्रत्यक्ष ऐकिलेलें नाहीं, असें बुखारीचें मत तिर्मिझीनें नोंदवून ठेविलें आहे.

तिर्मिझीची स्वतःची सावधगिरीही वाखाणण्यासारखी आहे. मालिक यांच्या काळीं तुटक असलेलें जाफर सादिक यांचें वचन पुढें कांहीं सांगणारे जाबिर या सहाबीचें नांव मध्यें घालून सलग करून सांगूं लागले होते. तिर्मिझी दोन्ही रूपें देतो, आणि तुटक रूपच अधिक खरें असा निर्वाळा देतो. इस्नाद काळाबरोबर सुधारत गेला, हें आधुनिक टीकाकारांस शोधून काढावें लागलें असें नव्हे; नवव्या शतकांतील परीक्षकांस तें दिसत होतें.

अबू दाऊदच्या संग्रहांतील एक नोंद तर अपूर्व आहे. सुहैल नांवाच्या वचनकर्त्यानें हेंच वचन रबीआ यास सांगितलें होतें. पुढें आजारानें सुहैलची स्मृति कांहींशी गेली. कोणी त्यास ह्या वचनाविषयीं विचारलें, तर तो म्हणे : मला आठवत नाहीं, परंतु रबीआ विश्वासू आहे, आणि मींच त्यास हें सांगितल्याचें तो सांगतो. तेव्हांपासून तो तें वचन ‘मजपासून रबीआनें ऐकिलें’ अशा मखलाशीनें सांगे. स्वतःच्या विस्मृतीचीही नोंद इस्नादांत राहिली. अशी परंपरा आंधळी होती असें कोण म्हणेल?

[७] आधुनिक संशोधनाचा परामर्श थोडक्यांत घेऊं. गोल्डझीहर यानें १८८९–९० सालीं आपल्या जर्मन ग्रंथांत असें दाखविलें, कीं पुष्कळ हदीसवचनांत नंतरच्या दोन शतकांतील वादांचें प्रतिबिंब आहे. शाख्त यानें १९५० सालीं तें सूत्र न्यायशास्त्रास लावून, कायदेविषयक वचनें बहुतांशीं हिजरीच्या दुसऱ्या शतकांत रूढ झालीं व इस्नाद मागें मागें वाढत गेले, असा सिद्धान्त मांडिला. अब्दुर्रझ्झाकचा मुसन्नफ हबीबुर्रहमान आझमी या भारतीय पंडितानें संपादून १९७० नंतर छापल्यावर चित्र पालटलें. त्यांतील अताच्या वचनांचें परीक्षण करून मोट्स्की यानें १९९१ सालीं दाखविलें, कीं अताचीं उत्तरें बहुतांशीं स्वतःच्या मतांचीं आहेत. पैगंबरांचें नांव तीं क्वचित् घेतात. बनावट करणारा ज्या नांवाचा लोभ प्रथम धरील, तेंच नांव येथें टाळलें आहे. म्हणून हीं उत्तरें खरोखर अताचीं, म्हणजे हिजरीच्या पहिल्या शतकाच्या अखेरच्या काळचीं, मानावयास हरकत नाहीं.

आमच्या दाखल्यांत दोन्ही मतांस आधार मिळतो. आधार तुटका होता तो सलग झाला, हें शाख्तच्या बाजूचें. परंतु रीत जुनी होती, ती कोणी आठव्या शतकांत बसून रचली नाहीं, हें विरोधकांच्याच तोंडून सिद्ध होतें : मुआविया म्हणा कीं अब्दुल मलिक म्हणा, सातव्या शतकांत तिच्यावर निवाडे होत होते. पैगंबरांनीं स्वतः असा निवाडा केला कीं नाहीं, येथपर्यंत ह्या साधनांची पोंच नाहीं. त्यांची पोंच तेथून अर्ध्या शतकाच्या आंत आहे, आणि इतिहासास ही कांहीं लहान प्राप्ति नव्हे.

[८] एवंच, क्रम असा दिसतो. आधीं नगरीनगरींचा न्यायाचा आचार. मग आचारांतील भेदामुळें उपस्थित झालेला वाद. वादांत प्रमाण काय मानावें याचा शाफिईंनीं घातलेला दंडक. आणि त्या दंडकास पुरी पडेल अशी वचनांची पारख करणारे महान् संग्रह. संग्रहांनीं कायदा जन्मास घातला नाहीं. कायद्यानें संग्रहांची गरज उत्पन्न केली, आणि मग संग्रहांनीं कायद्यास आपल्या शिस्तींत आणिलें. कोंकणचा शाफिई व देशावरील हनफी यांच्यांतील भेद त्या जुन्या मदीना-कूफा वादाचाच अवशेष होय. आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें हा प्रश्न न्यायकचेऱ्यांतून उठविला. तो आतां इतिहासाचा विषय आहे.

आमच्या संशोधकबंधूंस यांतून एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. ग्रंथाचा काळ एक, ग्रंथांतील मजकुराचा काळ दुसरा, आणि त्या मजकुरास जोडलेल्या नांवाचा अधिकार तिसरा. हीं तीन निरनिराळीं तोलावीं लागतात. बखर आणि कैफियत वाचतांना आपण हा विवेक करतों, मग परकीय साधनांस एकदम खरें अथवा एकदम खोटें ठरविण्याची घाई कां करावी? मालिक यांचा प्रघात शैबानींच्या लेखणीनें टिकला, शैबानींचा आक्षेप शाफिईंच्या उत्तरांत राहिला, आणि बुखारीची शंका मुस्लिमच्या स्वीकाराशेजारीं आजही वाचावयास मिळते. प्रतिपक्षाचें म्हणणें पुसून न टाकतां उतरून ठेवण्याची ही संवय त्या पंडितांस नसती, तर वरील एकही ओळ लिहिणें आम्हांस शक्य झालें नसतें.